सात नंबरचं कार्ड

दिवेवाल्याने सातवं कार्ड भिंतीला चिकटवलं, अंगठ्याने त्याचे चारही कोपरे दाबले आणि दोन पावलं मागे सरून ते तिरकं तर नाही ना, हे पाहिलं. तिरकं असतं तरी काही बिघडणार नव्हतं. पण माणूस नेटका होता, आणि दारात उभ्या असलेल्या ठकूच्या आईला आज नेटक्या माणसाची फार गरज होती.

"नीट बसलं ना ते?" तिने विचारलं.

"बसलं, वहिनी. आता घर सोडून जायचं नाव घेणार नाही."

"डागावरच लावलंय ना पण?"

"डागावरच. तुम्ही तीनदा दाखवलात. चौथ्यांदा दाखवलात तर तो माझ्या स्वप्नात येईल."

तिला हसू आलं नाही. डाग पलंगाच्या कडेच्या भिंतीवर होता, पलंगावर बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर. तेलाचा डाग. वर्षानुवर्षं एकच डोकं एकाच जागी टेकत आल्यामुळे पडलेला. तिने तो साबणाने घासला, सोड्याने घासला, स्पिरिटने पुसला, तेव्हा कुठे तो पातळ चहाच्या रंगावर आला आणि तिथेच अडून बसला. त्यावर रंग मारता आला असता, पण डॉक्टरांनी ताज्या रंगाचा वास घरात नको म्हणून बजावलं होतं. ठकूच्या छातीला तो सोसणार नव्हता.

ठकूच्या छातीला सध्या काहीच सोसणार नव्हतं. सहा वर्षांची पोर सत्त्याण्णव दिवस इस्पितळात काचेआड होती. तिच्या हाडांतला जुना मगज काढून नवा घातला होता. 'नवा मगज अजून तान्हा आहे,' डॉक्टर म्हणाले होते, 'तुमच्या-आमच्या साध्या सर्दीशीसुद्धा त्याला लढता येत नाही.' आज संध्याकाळी पाचला तिला घरी सोडणार होते. त्याआधी चारला इस्पितळातली सिस्टर येऊन खोली बघणार होती. तिला खोली पसंत पडली नाही तर ठकू तिथेच राहणार होती, आणि तिथे, त्याच मजल्यावर, गेल्या आठवड्यापासून दोन मुलांना ताप होता.

"हे बघा, सोपं आहे," दिवेवाला खोलीच्या मधोमध उभ्या केलेल्या यंत्राची दिशा जुळवत म्हणाला. माणसाच्या खांद्याएवढा उंच, चाकांवरचा खांब. त्याला भोवताली आठ नळ्या. "कार्ड आत्ता पिवळं आहे. दिव्याचा उजेड पुरेसा पडला की गुलाबी होतं. गुलाबी झालं म्हणजे तिथला विषाणू खलास. पिवळं राहिलं म्हणजे मध्ये सावली आली. हा दिवा वळून, वाकून कुठे जात नाही, नाकासमोर चालतो. म्हणून सात कार्डं, सात जागी."

"आणि तो निळा उजेड डोळ्यांना..."

"निळा दिसतो तो नुसता दाखवायचा उजेड. मारणारा उजेड दिसतच नाही." ते त्याने इतक्या सहज सांगितलं, की तिच्या अंगावर बारीक काटा आला. "अंगावर पडला तरी तेव्हा काही कळत नाही. पाच-सहा तासांनी कळतं. कातडी उन्हात भाजल्यासारखी लाल होते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. म्हणून तर चालू असताना आत कुणी नको. आत काही हललं तर यंत्र आपोआप बंद पडतं, तेवढी सोय आहे त्यात."

"हलू नका, असं उलटं सांगायला हवं मग," मागून अण्णा म्हणाले.

अण्णा तिचे सासरे. चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि घरात आलेल्या कुणालाही ते अजून एक डोळा बारीक करून, चौकटीत बसवून बघायचे. आज ते पांढऱ्या बनियनवर, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र घेऊन उभे होते.

"म्हणजे?" दिवेवाल्याने विचारलं.

"जो हलत नाही, तो तुमच्या यंत्राला दिसत नाही. माझ्या कॅमेऱ्याचं उलट होतं. जो हलायचा, तो दिसायचा नाही." अण्णा कार्डाकडे बघत होते. "कागद मात्र सारखाच. आमच्याही कागदावर जिथे सावली पडायची, तेवढीच जागा कोरी राहायची. बाकीचं काळं."

"वा! म्हणजे अण्णा, आपण एकाच धंद्यातले."

"नाही रे बाबा. आम्ही माणसं ठेवून घ्यायचो."

असं म्हणून ते मागच्या गॅलरीकडे निघाले. खोलीच्या बाथरूमला तिकडे उघडणारं दुसरं दार होतं. त्या दाराशेजारी त्यांची वेताची खुर्ची होती, आणि हल्ली सकाळ-दुपार ते तिथेच बसायचे.

"घरात माणसं किती?" दिवेवाल्याने विचारलं. तो त्याचा नेहमीचा प्रश्न असावा.

"दोघंच. मिस्टर इस्पितळात आहेत, मुलीजवळ."

त्याने पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडून पाहिलं, बाथरूममध्ये डोकावला, मग बटण दाबून बाहेर आला. यंत्र तीस सेकंद टिकटिकलं. तेवढ्यात त्याने दार ओढून घेतलं आणि फटीवर चिकटपट्टी लावली. दारावरच्या झरोक्याला काच होती. तिच्यातून छतावर एक निळसर झाक उमटली आणि हलके घूं असा आवाज सुरू झाला.

"काचेतून बघितलं तर चालतं," तो म्हणाला. "साध्या काचेतून मारणारा उजेड पार होत नाही."

ती बघत राहिली. वीस मिनिटं.

दार बंद करून त्याच्याकडे बघत बसायची तिला सवय होती. दोन महिन्यांपूर्वी, ठकूचा मगज बदलला त्याच आठवड्यात, सासूबाईंना ताप भरला होता. कुठला तरी विषाणू, नाव सांगता येण्याआधीच फुप्फुसांत उतरलेला. घरात स्वतंत्र बाथरूम असलेली खोली ही एकच. नियम तिनेच केला होता: जो या खोलीत जाईल, तो इस्पितळात जाणार नाही. ठकूजवळ तर तिघं आळीपाळीने बसायचे. म्हणून कुणी आत गेलं नाही. ताट दाराशी ठेवायचं, दार वाजवायचं आणि मागे सरायचं. अंगभर झाकलेली नर्स सकाळ-संध्याकाळ येऊन जायची, तेवढीच. सासूबाईंनी कधी कुरकुर केली नाही. 'दार उघडू नका रे,' आतून त्याच ओरडायच्या, 'माझं काय मेलं, पोरीचं बघा.' नवव्या दिवशी सकाळी ताट तसंच राहिलं.

नियम बरोबर होता. तिने तो नंतर मनातल्या मनात शंभरदा तपासला होता. दरवेळी बरोबरच यायचा.

घूं आवाज थांबला. दिवेवाल्याने वास जायला पाच मिनिटं दिली, मग पट्टी सोलली. आत गडगडाटानंतर हवेला येतो तसा, थोडा करपट वास होता. खिडकीच्या पट्टीवरचं कार्ड गुलाबी. दाराच्या मुठीजवळचं गुलाबी. बटणांच्या पाटीखालचं, टेबलाच्या पायापाशी लावलेलं, सगळी गुलाबी.

सातवं पिवळं होतं.

"असं कसं?" ती म्हणाली.

दिवेवाल्याने ते नखाने खरवडून बघितलं. मग यंत्राकडे बघितलं, मग पुन्हा कार्डाकडे. यंत्र आणि भिंत यांच्यात पलंग होता, तोही गादी काढून टाकलेला, नुसत्या फळ्यांचा. गुडघ्याच्या वर काहीच नव्हतं.

"खराब कार्ड असेल," तो म्हणाला. "शंभरात एखादं निघतं."

"असेल म्हणजे?"

"वहिनी, पुन्हा करू. आणि ह्या वेळी एक नाही, दहा लावतो. होऊ दे खर्च."

त्याने डागाच्या भोवती, वर, खाली, दोन्ही अंगांना मिळून आणखी नऊ कार्डं लावली. मधल्या वेळात तिने नवऱ्याला फोन केला.

"मास्क आहे ना तिच्या तोंडाला?"

"आहे. माझ्याही आहे. मी शिंकायचंसुद्धा बंद केलंय. तिकडे काय?"

"एक कार्ड पिवळं राहिलं."

"एकच ना?"

"आईंच्या डागावरचं."

"ठकू विचारतेय," मग तो म्हणाला, "आजी आत्याकडून आली का. करंगळीचा खेळ खेळायचाय म्हणे."

सासूबाईंची उजवी करंगळी अर्धीच होती. स्टुडिओत फोटोंच्या कडा कापायचं पातं एकदा त्यांच्या बोटावरून गेलं होतं. ठकू लहान असताना त्या पंजा तिच्या नाकासमोर धरायच्या. 'करंगळी कुठे गेली? कुणी खाल्ली?' ठकू दरवेळी आपलं तोंड दोन्ही हातांनी झाकायची आणि खिदळायची. आजी गेल्याचं तिला अजून सांगितलं नव्हतं. मगज तान्हा होता.

"संध्याकाळी बघू," तिने फोन ठेवला.

दुसऱ्यांदा यंत्र लावायच्या आधी ती स्वतः खोलीत फिरली. पलंगाखाली वाकली, पडदे झटकले, कपाटाच्या वरच्या फळीवर हात फिरवला. बाथरूम रिकामं होतं. पलीकडच्या दाराच्या फटीतून गॅलरीतल्या खुर्चीची एक बाजू आणि अण्णांचा गुडघा दिसला. गुडघ्यावर वर्तमानपत्र होतं, सकाळच्याच घडीत.

"अण्णा, वाचत नाही का?"

"वाचतो. सावकाश वाचतो."

तिला वाटलं, त्यांचे डोळे दाखवायला हवेत एकदा.

पुन्हा तीस सेकंदांची टिकटिक, पुन्हा पट्टी, पुन्हा छतावर निळी झाक. ह्या वेळी दिवेवालाही झरोक्याकडे बघत उभा राहिला. खालून फक्त छत दिसायचं. वीस मिनिटांत यंत्र एकदाही थांबलं नाही, म्हणजे आत काही हललं नाही. दहाव्या मिनिटाला तिला वाटलं, आत कुणीतरी सावकाश, नाकाने श्वास घेतंय. तिने दिवेवाल्याकडे बघितलं. तो बोटांनी पट्टीचं भेंडोळं फिरवत होता.

"हा आवाज..."

"पंखा आहे यंत्राला," तो पटकन म्हणाला, जणू त्यालाही तेच विचारायचं होतं.

दार उघडल्यावर ती दोघं उंबऱ्यातच थांबली.

दहातली कडेची चार कार्डं गुलाबी होती. मधली पाच पिवळी. आणि एक अर्धं गुलाबी, अर्धं पिवळं, मधली कड गोलसर. वरची दोन पिवळी कार्डं एकाखाली एक, अरुंद. खालची तीन ओळीने, रुंद. एखाद्याने खडूने काढावं इतकं ते स्पष्ट होतं. पलंगावर मांडी घालून बसलेल्या माणसाचं डोकं, मान, खांदे. अर्धं रंगलेलं कार्ड डाव्या खांद्याच्या गोलाईवर आलं होतं.

दिवेवाल्याने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला.

"एखादी नळी मंद झाली असेल," तो म्हणाला. पण यंत्राजवळ जायची त्याने घाई केली नाही. "वहिनी, तुम्ही... म्हणजे ह्या खोलीत... जाऊ दे. काही नाही."

"काय?"

"काही नाही म्हटलं ना. माझी बायको म्हणते, ह्या कामात पोट भरतं पण डोकं रिकामं होतं."

मागे चाहूल लागली. अण्णा कधी आले ते तिला कळलंच नव्हतं. त्यांच्या बनियनला खोलीतलाच करपट वास येत होता. वास घरभर पसरलेला दिसतोय, खिडक्या उघडायला हव्यात, असं तिच्या मनात आलं. अण्णांनी एक डोळा बारीक करून ती भिंत बराच वेळ न्याहाळली.

"फोटो चांगला आलाय," ते म्हणाले. "हललेला नाही."

"अण्णा, काहीतरी काय बोलता!" तिचा आवाज तिलाच चिरका वाटला. "चारला सिस्टर येईल. तिला काय दाखवू मी हे? पाचला ठकू यायचीय. ह्या पलंगावर झोपायचीय ती. ह्या भिंतीला टेकून."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.

"मग पुन्हा करा," ते म्हणाले.

दिवेवाल्याने आठही नळ्या पुसल्या, यंत्र पलंगाच्या आणखी जवळ, एका हातावर आणून ठेवलं. डागाभोवतीची जुनी कार्डं काढून डागावर एकच नवं कार्ड लावलं. त्याची बोटं ह्या वेळी कोपरे दाबायला थांबली नाहीत. अण्णा वर्तमानपत्र उचलून गॅलरीकडे वळले.

"अण्णा, नका जाऊ." ठकूच्या आईला पुढची वीस मिनिटं त्या दारासमोर एकटीने काढायची नव्हती. दिवेवाला होता, पण तो आता तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. "इथे बसा ना माझ्याजवळ. प्लीज."

"मी तिकडेच बरा, सूनबाई."

"मला भीती वाटतेय हो."

ते बाथरूमच्या दाराकडे बघत उभे राहिले. यंत्राची टिकटिक सुरू झाली होती. दिवेवाल्याने दार ओढलं, पट्टी लावली. तिने अण्णांचं मनगट धरलं आणि त्यांना समोरच्या बाकावर बसवलं. ते बसले. टिकटिक थांबून घूं सुरू झालं, तशी त्यांनी मान खाली घातली. त्यांचा हात तिच्या हातात गार पडत चालला होता. वीस मिनिटं ती तो चोळत राहिली. म्हातारपणी रक्त फिरत नाही, असं काहीसं स्वतःशीच म्हणत.

मधेच एकदा अण्णा पुटपुटले, "किती झाली?"

"बारा."

"अजून आठ." मग बऱ्याच वेळाने, "एकटीच आहे."

"कोण, ठकू? नाही हो, हे आहेत ना तिच्याजवळ."

त्यांनी मान हलवली.

ह्या वेळी कार्ड गुलाबी होतं. कडेपासून कडेपर्यंत, एखाद्या नव्या खोडरबरासारखं. दिवेवाल्याने सुटकेचा असा काही सुस्कारा टाकला, की तिला हसूच फुटलं, सकाळपासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे भरून आले.

"नळीच होती बघा," तो म्हणाला. "पुसली, झालं काम. बघा अण्णा, आहे का आता सावली?"

अण्णा उंबऱ्याच्या बाहेरच उभे होते. "आता काही उरलं नाही ना आत?"

"काही म्हणजे काही नाही. कोरी करकरीत खोली."

"बरं," अण्णा म्हणाले.

चारला सिस्टर आली. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी तिने सातही कार्डं एकेक करून उजेडात धरली, गादीवरचं नवं आवरण चिमटीत धरून पाहिलं, खिडकीच्या जाळीवरून बोट फिरवून ते बोट पाहिलं.

"भिंतीवर हे काय?"

"तेलाचा डाग. जात नाही. पण त्याच्यावरचं कार्ड हे, सात नंबरचं."

सिस्टरने सात नंबरचं कार्ड पुन्हा बघितलं. "डागाला काय होतंय," ती म्हणाली आणि कागदावर सही केली. "इतकी स्वच्छ खोली आमच्याकडेही नसते. आणा पोरीला."

ठकूच्या आईने लगेच नवऱ्याला फोन लावला. निघतोच, तो म्हणाला, अर्ध्या तासात पोचतो. मागून ठकूचा मास्कमधून येणारा दबका आवाज ऐकू आला. कुणाला तरी ती आपल्या बाहुलीचं सामान उचलायला सांगत होती.

"अण्णा!" ती हाक मारत मागच्या खोलीत गेली. "येतायत! तुम्ही धुतलेला सदरा घाला, आणि हात..."

अण्णा आपल्या पलंगाच्या कडेवर पाठमोरे बसले होते. सदरा मांडीवर होता. एक बाही घालायचा प्रयत्न करून त्यांनी तो नाद सोडून दिलेला दिसत होता. बनियनबाहेरची त्यांची मान आणि दोन्ही खांदे लालभडक झाले होते. बनियनची कड जिथे संपत होती, तिथे रंग रेघ मारल्यासारखा बदलत होता.

"अगं बाई! हे काय झालं?"

"उन्हात बसलो होतो जरा."

ती दारातच थबकली. मागच्या गॅलरीत ऊन दुपारी तीननंतर येतं. ठकूचे कपडे वाळत घालून घालून तिला ते मिनिटासकट पाठ होतं. आणि तीनपासून अण्णा ह्याच खोलीत होते.

बाहेर कुठेतरी नळ गळत होता. तिने घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या वेळेचं यंत्र बंद होऊन साडेपाच तास झाले होते. पाच-सहा तासांनी कळतं, दिवेवाला म्हणाला होता.

"तुम्ही आत होतात," ती म्हणाली.

अण्णा सदऱ्याची बाही सरळ करत राहिले.

"दोन्ही वेळा. बाथरूमच्या दाराने. तीस सेकंदांत."

"पंचवीसच लागतात." त्यांनी मांडीवरच्या सदऱ्याची घडी घालायला घेतली. "नंतर तो पाच मिनिटं दार उघडत नाही. आरामात बाहेर येता येतं."

"आणि यंत्र? ते बंद कसं नाही..."

"सूनबाई, मी चाळीस वर्षं लोकांना शिकवलं हलायचं कसं नाही ते."

"पण का, अण्णा? डोळे गेले असते तुमचे! काही झालं असतं तर मी ह्यांना काय..." तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "का?"

"तिच्याकडे तोंड करून बसलो होतो. डोळ्यांना काही झालं नाही." घडी नीट पडेना, म्हणून त्यांनी सदरा पुन्हा उलगडला. "मागल्या खेपेला नऊ दिवस दाराबाहेर बसलो होतो की गं."

त्यात तक्रार नव्हती. वार सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. तिला बाकावरची वीस मिनिटं आठवली, त्यांचं मनगट, आणि ते आपणच कसं घट्ट धरून ठेवलं होतं ते.

ती वळली, फडताळातून भाजल्यावर लावायचं मलम काढलं आणि त्यांच्या मागे जाऊन बसली. मलमाचा गार ठिपका मानेवर पडताच ते शहारले. तिने बोटांच्या टोकांनी हळूहळू मान माखली, मग उजवा खांदा. कातडी तव्यासारखी गरम होती. मग ती डाव्या खांद्यावर आली आणि तिची बोटं थांबली.

तिथे, त्या लालभडक कातडीत, एक जागा कोरी होती. खांद्याच्या माथ्यावरून पाठीकडे उतरलेल्या चार पट्ट्या, फिकट, गार. समोर बसलेल्या माणसाने खांद्यावर हात ठेवला तर त्याची बोटं जिथे येतील, नेमकी तिथे. तीन पट्ट्या लांब होत्या. कडेची चौथी अर्ध्यातच संपली होती.

तिने अण्णांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात पुढे, मांडीवर, सदऱ्यावर पडलेले होते. दहाच्या दहा बोटं पूर्ण होती.

"इथे दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. "तिथे नाही."

ट्यूबमधलं मलम तिच्या तळहातावर पाघळत होतं. तिने तो हात पदराला पुसला. मग, आपण काय करतोय हे पुरतं ठरवायच्या आधीच, तिने आपला पंजा त्या कोऱ्या जागेवर ठेवला. बोटं बोटांवर बसली. अण्णांनी डोळे मिटले, आणि लगेच त्यांचा खांदा किंचित आक्रसला.

"करंगळी उचल," ते म्हणाले. "तेवढं बोट भाजल्यावर येतंय."

तिने करंगळी दुमडून घेतली.

खाली गाडी थांबली. दार उघडल्याचा, मग लावल्याचा आवाज आला, आणि जिन्याच्या तळातून मास्कमधली दबकी हाक, "आई! आजी! मी आले!"

दोघंही हलली नाहीत.